चिनी-जपानी फुलदाणी ओळखायची असेल, तर आधी ती उलटी करा

मुंबईतील जुन्या पारशी घरांत, गोव्यातील मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत आणि चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर चिनी व जपानी फुलदाण्या आजही दिसतात. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा चीनमधील कँटन बंदराशी आणि गोव्याचा तिथल्याच पोर्तुगीज मकावशी जुना संबंध असल्यामुळे खरी जुनी वस्तू आपल्याकडे निघणे अशक्य नाही. परंतु तिच्या शेजारी तिच्याच रूपाची नवी वस्तूही उभी असते. या दोहोंमधला फरक चित्रात क्वचितच सापडतो, कारण नक्कल करणारा सर्वांत जास्त मेहनत चित्रावरच घेतो. म्हणून तपासणी बुडापासून सुरू करावी.

टेबलावर जाड टॉवेल अंथरावा, दिवसाचा उजेड घ्यावा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग व लहान टॉर्च जवळ ठेवावा. फुलदाणी मानेला किंवा कानांना धरून उचलू नये, कारण जुन्या फुलदाणीची मान पूर्वी कधीतरी तुटून चिकटवलेली असू शकते. दोन्ही हातांनी पोटाला धरून ती आडवी करावी. धुण्याची घाईही करू नये. बुडावरचा मळ हाही पुरावाच असतो.

बुडाचे कडे म्हणजे फुलदाणी ज्यावर टेकते ती गोल पट्टी. भट्टीत वस्तू खाली चिकटू नये म्हणून या पट्टीवर झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, ठेवत नाहीत, त्यामुळे आतली माती उघडी दिसण्याची बहुधा हीच जागा असते. चीनच्या जियांगशी प्रांतातील जिंगदेझेन या गावच्या मालाची माती पांढरी, घट्ट आणि बोटाला गुळगुळीत लागते. अशा पांढऱ्या मातीचे केओलिन हे नावही त्याच परिसरातील गाओलिंग या ठिकाणावरून आले आहे. झिलई जिथे संपते तिथे जुन्या मालावर, मातीतील लोहामुळे, नारिंगी-तांबूस अशी बारीक रेघ अनेकदा दिसते आणि ती कुठे गडद तर कुठे पुसट असते. नव्या मालावर तोच रंग वरून फासलेला असेल, तर तो सगळीकडे सारखा दिसतो आणि ओल्या फडक्याने थोडाफार निघतोही.

आता त्याच कड्याची झीज भिंगाखाली पाहावी. शे-दीडशे वर्षे टेबलांवर आणि फडताळांत सरकवली गेलेली वस्तू नेमकी टेकण्याच्या जागी झिजते आणि तिचे ओरखडे निरनिराळ्या दिशांना, निरनिराळ्या खोलीचे असतात. पॉलिशपेपरने केलेली झीज एकाच दिशेची असते आणि पुष्कळदा टेबलाला कधीच न लागणाऱ्या भागावरही पोहोचलेली असते. माझ्या दृष्टीने ही एक खूण बुडावरच्या दहा शिक्क्यांहून अधिक मोलाची आहे.

हात आत जात असेल, तर आतली बाजू चाचपावी. मोठ्या चिनी फुलदाण्या दोन-तीन भागांत चाकावर घडवून ओल्या मातीने जोडत असत, आणि तो आडवा सांधा आतून बोटाला कळतो. याउलट साच्यात ओतलेल्या वस्तूवर उभी शिवण असते, किंवा बाहेर जिथे उठाव असेल तिथेच आत खळगा पडलेला असतो.

यानंतर बुडावरची अक्षरे. सहा अक्षरी चिनी शिक्का साधारणपणे दोन उभ्या ओळींत असतो आणि उजव्या ओळीपासून वरून खाली वाचतात: पहिली दोन अक्षरे राजवंशाची, पुढची दोन सम्राटाच्या कारकिर्दीची, शेवटची दोन ‘त्या काळात बनवले’ या अर्थाची. लिपी येत नसली, तरी दुसरे अक्षर ओळखता येते. मिंगच्या अक्षरात सूर्य आणि चंद्र ही दोन चिन्हे शेजारी-शेजारी असतात, तर छिंगच्या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात. कारकिर्दींपैकी मिंग काळातील चेंगह्वा (१४६५–१४८७) व वानली (१५७३–१६२०), आणि छिंग काळातील कांग्शी (१६६२–१७२२), योंगझेंग (१७२३–१७३५), चियानलोंग (१७३६–१७९५) व ग्वांगशू (१८७५–१९०८) या पुन्हा पुन्हा भेटतात.

मात्र शिक्का वय सिद्ध करत नाही. पूर्वजांच्या कामाविषयीच्या आदरापोटी जुन्या सम्राटाचे नाव घालण्याची चीनमध्ये रीतच होती. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने चालू सम्राटाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केल्यावर तर कांग्शीच्याच काळातील मालावर चेंगह्वाचे नाव, नुसते पान किंवा रिकामे दुहेरी वर्तुळ येऊ लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात निळ्या-पांढऱ्या बरण्यांवर कांग्शीचे चार अक्षरी नाव सर्रास घातले गेले. म्हणून चियानलोंगचा शिक्का इतकेच सांगतो की वस्तू १७३६ च्या आधीची नाही; ती परवाची असू शकते.

हाच नियम सर्वत्र लावावा: फुलदाणी तिच्यावरच्या सर्वांत नव्या खुणेपेक्षा जुनी असू शकत नाही. एका परिचितांकडे मला मिंग काळातील म्हणून एक फुलदाणी दाखवण्यात आली. बुडावर चेंगह्वाची सहा अक्षरे नीट होती, पण पोटावर दुधाळ गुलाबी पाकळ्यांचे पिओनी फूल होते, आणि प्रत्येक पाकळी कडेकडे फिकी होत गेली होती. सोन्यापासून बनणारा हा गुलाबी रंग चिनी भांड्यांवर १७२० च्या सुमारास आला. म्हणजे शिक्का आणि पाकळी यांच्यात अडीचशे वर्षांचे अंतर होते, आणि पाकळीचेच ऐकावे लागले.

रोमन लिपीतील मजकूरही उपयोगी पडतो. अमेरिकेच्या १८९० च्या आयात-कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे भाग पडले. त्यामुळे ‘चायना’ किंवा ‘निप्पॉन’ (जपानचे जपानी नाव) हे शब्द त्यानंतरचे. १९२१ पासून ‘निप्पॉन’ऐवजी ‘जपान’ आले, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ हे शब्द दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ मध्ये संपलेल्या अमेरिकी ताब्याच्या काळातले. परंतु हा नियम अमेरिकेचा होता. मुंबईला उतरलेल्या फुलदाणीवर असा शब्द नाही, एवढ्यावरून ती १८९१ पूर्वीची ठरवू नये.

जपानी मालाची ओळख थोडी निराळी आहे. दक्षिण जपानमधील सात्सुमा प्रांताच्या नावाने ओळखली जाणारी सात्सुमा फुलदाणी हस्तिदंती रंगाची असते, तिच्या झिलईत बारीक तड्यांची जाळी असते आणि सोने सढळ हाताने वापरलेले असते. वर्तुळात क्रूस अशी, सात्सुमावर सत्ता असलेल्या शिमाझु घराण्याची खूणही तिच्यावर आढळते. ती चिनीमातीची नसल्यामुळे टिचकी मारल्यास खणखणत नाही. आपल्याकडे दिसणारा असा माल बहुतेक मेइजी काळात (१८६८–१९१२) किंवा त्यानंतर निर्यातीसाठी केलेला आहे. आरिता येथे बनून इमारी बंदरातून गेलेल्या वस्तूंवर गडद निळा, विटकरी तांबडा आणि सोनेरी हे त्रिकूट दिसते. आरिताच्या कारागिरांनीही चेंगह्वाचा शिक्का वापरला, त्यामुळे चिनी अक्षरे म्हणजे चिनी वस्तू असे समीकरण मांडू नये. चित्र भिंगाखाली एकसारख्या ठिपक्यांत फुटले, तर ते छापलेले आहे.

कोरियन माल आपल्याकडे विरळा. करड्या-हिरव्या झिलईखाली पांढऱ्या-काळ्या मातीचे जडावकाम दिसले, तर गोऱ्यो काळातील (९१८–१३९२) शैलीचा विचार करावा, पण तिच्याही नकला विपुल आहेत.

डोळा तयार होण्यासाठी अस्सल वस्तू पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील चिनी व जपानी वस्तू आहेत. तिथे काचेबाहेरून का होईना, झिलईची खोली आणि निळ्या रंगाचे पसरणे न्याहाळावे. जाणकाराला छायाचित्रे पाठवायची झाल्यास समोरच्या एका छायाचित्राबरोबर बुडाची, कड्याची व तोंडाच्या आतल्या भागाची जवळून काढलेली छायाचित्रे द्यावीत, आणि उंची सेंटिमीटरमध्ये कळवावी.

फुलदाणी शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा तिला लागू होऊ शकतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातेवाइकांकडे जुन्या रूपाची वस्तू पाठवण्यापूर्वी ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावे.