सांगायची वाट न पाहता काम पुढे कसं न्यायचं

दिसेल त्या कामाला हात घालण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. कोणता प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो, काय मंजुरीसाठी पडून राहतं, कोणता रिपोर्ट दर वेळी हातानं जुळवावा लागतो. यादीतली एकच गोष्ट निवडा. ती तुमच्या आवाक्यातली हवी आणि फसली तर पूर्ववत करता येण्यासारखी हवी.

मग वरिष्ठांना "काय करू?" असं विचारू नका. विचार करण्याचं ओझं त्यांच्यावरच पडतं आणि उत्तर लांबतं. पाच-सहा ओळींचा मेल लिहा: काय अडतंय, त्यात आठवड्याला किती वेळ जातो, तुम्ही काय करणार, कधीपर्यंत, कुणाची मदत लागेल, आणि जमलं नाही तर जुनी पद्धत कशी परत आणणार. हा शेवटचा मुद्दा गाळू नका, कारण बरेचसे नकार धोक्याच्या भीतीपोटी येतात. "हरकत नसेल तर गुरुवारपासून सुरू करत आहे" असं लिहिलेलं चालतं, पण फक्त तुमच्या अखत्यारीतल्या कामाला. पैसे, ग्राहकाला दिलेला शब्द, नियम किंवा दुसऱ्याचं काम यांचा संबंध आला की स्पष्ट होकार येईपर्यंत थांबा. तिथे उत्तर न येणं म्हणजे संमती नव्हे.

प्रयोग छोटा ठेवा, एक रिपोर्ट आणि एक आठवडा पुरे. आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो, ते आकड्यांत टिपा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते माणसांत. ज्याच्या कामात बदल सुचवताय त्याला ते तिसऱ्याकडून कळलं, तर चांगली सूचनाही कुरघोडी वाटते. मेल पाठवण्याआधी त्याच्याशी दहा मिनिटं बोला. जुनी पद्धत तशी का पडली, याचं कारणही बऱ्याचदा तिथेच कळतं. शिवाय नेमून दिलेलं काम मागे पडू देऊ नका. मुदत चुकणार असं दिसलं, तर त्याच दिवशी नव्या तारखेसह कळवा.

काहीच सुचत नसेल तर मीटिंग संपल्यावर तासाभरात कोण, काय, कधीपर्यंत हे चार ओळींत सगळ्यांना पाठवा. हे काम सहसा कुणाच्याच नावावर नसतं.

नकार आला तर "कोणती अडचण सुटली तर हे करता येईल?" एवढं विचारून उत्तर लिहून ठेवा. कारण बजेटचं किंवा माणसांच्या कमतरतेचं असेल, तर पुढच्या नियोजनाच्या वेळी तोच मेल सुधारून पुन्हा पाठवता येतो.