चुकारा यायच्या आधी मेलची किल्ली ताब्यात घ्या

कापसाचे चुकारे खात्यात पडायला लागले, पीकविम्याचे मेसेज सुरू झाले, की खोट्या मेललाही सुगी येते. म्हणून मेल, आधार आणि बँक खातं सांभाळायची ही तयारी पहिल्या वेचणीआधीच उरकावी. एक निवांत दुपार, मोबाईल, आधारकार्ड, वही-पेन आणि घरात शिकणारं पोरगं असेल तर त्याचा लॅपटॉप, एवढं पुरतं.

सुरुवात बँकेपासून नको, मेलपासून करा. ‘आम्ही कुठं मेल वापरतो’ म्हणणाऱ्यांचाही मेल असतोच. नवा फोन चालू करताना नाहीतर कुठला तरी अर्ज भरताना सेवा केंद्रावरच्या पोरानं तो काढून दिलेला असतो. पासवर्ड म्हणजे आपलं नाव आणि पुढं १२३, रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला, नंबर त्याचा. त्याच्या मनात काही नसेलही, पण त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा मेल उघडाच राहिलेला असू शकतो. आणि मेल ज्याच्या हातात, त्याला बाकीच्या खात्यांचे पासवर्डही बदलून घेता येतात.

गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात जाऊन आधी रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल आपला घाला, मगच पासवर्ड बदला. जुना नंबर तसाच राहिला तर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून दुसरा कुणी परत आत येतो. नंतर साइन-इन असलेल्या फोन-कॉम्प्युटरची यादी बघून ओळखीचं नसेल ते बाहेर काढा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू करा. तिथं फोन हाताशी नसला तर वापरायचे आठ आकडी दहा बॅकअप कोड मिळतात, ते वहीत उतरवून वही सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवा. लॅपटॉपवर जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. कुणी तुमच्या मेलची वाट स्वतःकडं वळवली असेल तर पासवर्ड बदलूनही मेल तिकडं जातच राहतात.

आता खोटा मेल ओळखायचा कसा? पाठवणाऱ्याचं नाव काहीही टाकता येतं, त्यामुळं नावावर बोट ठेवून खालचा पत्ता वाचा. लिंकमध्ये सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघा. सरकारी साइट असेल तर तिथं बहुतेक ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असतं. ‘पीएमकिसान-जीओव्ही डॉट कॉम’ असं काही असेल तर ‘जीओव्ही’च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ आहे, तो मेल खोटा. भाषा शुद्ध आहे म्हणून भुलू नका, खोटे मेलही आता शुद्ध मराठीत येतात. ‘२००० चा हप्ता अडकला’ म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल आली तर ती उघडूच नका, मग ती भाच्याच्या नंबरावरून आलेली का असेना. ती टाकली की तुमचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात, आणि तीच फाईल तुमच्या नावानं गावभर फिरते.

आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कुठं पूर्णच मागितली तर प्रतीवर काम आणि तारीख लिहून आडवी सही करा. बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारमधल्या अंगठ्याला कुलूप, आधारच्या सरकारी ॲपमधून करता येतं, पण ते जरा विचारानं करा. राशन दुकानात किंवा बँक मित्राकडं अंगठा लागायच्या आधी ते उघडावं लागतं, नाहीतर म्हातारी माय रांगेतून रिकाम्या हातानं परत येते. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या आणि आपलं नसेल ते तिथंच कळवा.

वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, बँकेचा हेल्पलाईन नंबर आणि खाते क्रमांक ठळक लिहा. पैसे गेलेच तर आधी १९३० वर फोन करा आणि लगेच बँकेला सांगून खातं गोठवा. रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक विचारतील, तेव्हा तो मेसेज पुसू नका. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार पोचली तरच ते अडवता येतात, त्यामुळं शेतातून घरी यायचीही वाट बघू नका, धुऱ्यावरूनच फोन लावा.