डोंगरात वाट चुकल्यावर काय करावं

पाणी, टॉर्च आणि उबदार कपडा सॅकमध्ये आहे, असं धरून चालते. शिट्टी मात्र गळ्यातच हवी. घसरलात तर सॅक एकीकडे जाते आणि तुम्ही दुसरीकडे.

निघण्याआधी घरच्या एका माणसाला लिहून द्या: कोणत्या वाटेने चढणार, कुठून उतरणार, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची. ‘संध्याकाळपर्यंत येते’ एवढ्या निरोपावर कुणालाही शोध सुरू करता येत नाही. वेळ काढायला स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा १८९२ सालचा हिशोब अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. विश्रांती वेगळी धरा.

आता खरी अवघड गोष्ट: थांबणं.

पायवाट विरते, ढोरवाटांचं जाळं सुरू होतं आणि मन म्हणतं, ‘अजून थोडं पुढे, लागेलच वाट.’ पहिल्यांदा चुकले तेव्हा मी या ‘अजून थोडं’च्या नादात तीन तास चालले. लोक मी सांगून गेलेल्या डोंगराच्या सोंडेवर हाका मारत होते आणि मी पलीकडच्या घळीत उतरले होते. जागची हलले नसते तर पहिलीच हाक ऐकू आली असती.

हिशोब करून बघा. चुकल्यावर १ किलोमीटर गेलात तर शोधायचं वर्तुळ सुमारे ३ चौरस किलोमीटरचं होतं; ३ किलोमीटर गेलात तर २८ चौरस किलोमीटरचं. आणि सरळ चालतोय असं वाटलं तरी ते खरं नसतं. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं, की ढगाळ दिवशी जंगलात माणसं गोल फिरून आपलीच वाट ओलांडतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

म्हणून शंका येताच खाली बसा. खरोखर बसा, उभ्या माणसाचे पाय आपोआप चालू लागतात. पाणी प्या, श्वास खाली बसू द्या. मग आठवा, नक्की ओळखीची शेवटची जागा कोणती? तिथवरच्या खुणा स्पष्ट दिसत असतील आणि उजेड असेल तर त्याच पावली मागे जा. पंधरा मिनिटांत ती जागा लागली नाही तर पुढे रेटू नका, तिथेच थांबा. अंधार, धुकं किंवा दुखापत असेल तर एवढाही प्रयत्न नको. गट असेल तर कुणीही एकट्याने वाट शोधायला जायचं नाही.

‘ओढ्याच्या कडेने उतरत जा, गाव लागेल’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. ओढा कड्यावरूनही उडी घेतो. निसरडा टप्पा उतरता येतो, परत चढता येत नाही, आणि त्याच्या खाली धबधबा असतो. शिवाय घळीत रेंज नसते आणि पाण्याच्या आवाजात शिट्टी बुडते.

बसायला वाऱ्याचा आडोसा हवा, पण जागा जवळच्या मोकळ्या भागातून दिसणारी हवी. कोरड्या ओढ्याच्या पात्रात बसू नका. जमीन अंगातली ऊब खेचते, म्हणून सॅक, दोर, पाला, जे असेल ते खाली घ्या. भडक रंगाचा कपडा उघड्यावर पसरा.

फोनवरून ११२ लावा. अनेक देशांत हा क्रमांक चालतो आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो. कॉल लागत नसेल तर घरी एसएमएस करा. रेंजची झुळूक आली तरी तो निघून जातो. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे अक्षांश-रेखांश त्यात लिहा. संपर्क झाला की फोन चालूच ठेवा. रेंज अजिबात नसेल तर बंद करून ठरावीक वेळाने लावा, कारण नेटवर्क शोधण्यात बॅटरी संपते.

ओरडू नका, घसा लवकर बसतो. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. रात्री हेच टॉर्चने. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी माणसं डोळ्यांना दिसेपर्यंत वाजवत राहा, त्यांना तुमची दिशा आवाजावरूनच लागते.

हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर, तिरके पसरून उभे राहा: मदत हवी. एक हात वर, एक खाली म्हणजे नको.

स्वतःच वाट सापडून खाली उतरलात तर पाणी पिण्याआधी फोन करा. तुम्हाला शोधणारी माणसं अजून वर असतील.