इअरप्लग लावून झोपताना कानांची घ्यायची काळजी

परळला रेल्वेमार्गालगतच्या इमारतीत आमचे घर आहे. शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास जाते, पहाटे चारच्या सुमारास पहिली धावू लागते, आणि मधल्या दोन-तीन तासांत कधी रुळांची दुरुस्ती तर कधी शेजारच्या बांधकामावर काँक्रीटची गाडी खाली होत असते. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, परंतु आमच्या खिडकीपाशी ती क्वचितच पाळली जाते. त्यामुळे मी गेली सहा वर्षे इअरप्लग लावून झोपते. झोप सुधारली हे खरे, मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात एका सकाळी उजव्या कानाला असे दडे बसले की प्लग आतच राहिला असावा असे वाटून मी कान चाचपत राहिले. प्लग तर उशीवर पडला होता. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा नळीच्या आतल्या भागात मळाचा घट्ट गोळा बसलेला होता, आणि तो तिथे मीच रोज रात्री थोडा थोडा ढकलत नेला होता.

हे का घडते ते समजले की वापराची पद्धत आपोआप सुधारते. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तिच्या बाहेरच्या भागातच तयार होतो. नळीची त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते, जेवताना-बोलताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीचीही तिला मदत होते, आणि अशा रीतीने मळ स्वतःहून बाहेर येतो. प्लग त्याच्या या वाटेवरच बसतो. म्हणून प्लग हवा तितकाच आत जावा, स्वच्छ असावा आणि गरज नसलेल्या रात्री कान मोकळे राहावेत, एवढे तरी पाळावे.

बाजारात फोमचे, सिलिकॉनचे आणि मेणाचे असे प्रकार मिळतात. झोपेसाठी मऊ फोम बहुतेकांना सोयीचा पडतो. पाकिटावर एनआरआर, म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज कमी करू शकतो हे सांगणारा आकडा, दिलेला असतो आणि फोमच्या प्लगमध्ये तो ३३ पर्यंत जातो, परंतु प्लग नीट बसला नाही तर प्रत्यक्षात त्याहून बराच कमी आवाज अडतो. नळी अरुंद असल्यास लहान आकाराचा प्लग घ्यावा. मेणाचा किंवा मऊ सिलिकॉनचा गोळा नळीत कोंबायचा नसतो, तो कानाच्या तोंडावर थापून बसवायचा असतो. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही आणि त्याचे धागे मात्र आत राहून जातात.

लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. फोमचा प्लग अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून, सुरकुती न पाडता, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड होईल इतका वळावा. मग दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे वळणदार नळी सरळ होते. वळलेला प्लग अलगद आत सरकवावा आणि तो फुलेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाच्या टोकाने धरून ठेवावा. या धरण्यालाच बहुतेक जण कंटाळतात आणि मग प्लग बाहेर सरकतो म्हणून अधिक आत दाबतात. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा आणि श्वास मोठा ऐकू येतो. चिमटीत धरता येईल इतके टोक बाहेर राहिलेच पाहिजे. सकाळी काढताना एकदम ओढू नये, कारण आत पोकळी निर्माण होऊन पडद्यावर ताण येतो. प्लग किंचित फिरवावा, हवा आत शिरू द्यावी आणि मग सावकाश काढावा.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, बंद आणि ओलसर नळीत जंतू आणि बुरशी सहज वाढतात. म्हणून रात्री उशिरा अंघोळ केल्यास कान पूर्ण कोरडे झाल्याशिवाय प्लग लावू नये. फोमचा प्लग मळकट किंवा कडक झाला की टाकून द्यावा. सिलिकॉनचा सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, हवा खेळेल अशा डबीत ठेवावा. माझे दडे बसले तेव्हा सासूबाई मायेने म्हणाल्या, "अगं, दोन थेंब कोमट तेल घाल, लगेच मोकळा होईल." हा सल्ला आपल्या घराघरांत दिला जातो, परंतु आत बुरशी असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर तेलाने त्रास वाढतो. काडी किंवा केसांची पिन घातल्याने मळ आणखी आत जातो.

ज्यांचा कान वाहतो, पडद्याला छिद्र आहे किंवा नुकतीच कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लग लावू नयेत. मधुमेह असलेल्यांनी कानाचे साधे दुखणेही अंगावर काढू नये, कारण त्यांच्यात हा संसर्ग क्वचित हाडापर्यंत पसरतो. लहान मुलांच्या हाती प्लग लागू देऊ नयेत. तान्हे मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर रात्री जागे राहण्याची पाळी आधी ठरवावी आणि ज्याची पाळी असेल त्याने कान मोकळे ठेवावेत. दिवसाही सतत प्लग लावून बसण्याची सवय लावून घेऊ नये, त्याने नेहमीचे आवाजही असह्य वाटू लागतात. कानात आधीपासून शिटी वाजत असेल तर शांततेत ती अधिक जाणवते, आणि अशांना पंख्याच्या मंद आवाजात झोपणे बरे पडते.

कानाची पाळी ओढल्यावर ठणका लागणे, खाज, पाणी येणे किंवा दुर्गंधी यांपैकी काही दिसले तर त्या रात्रीपासून प्लग बंद करून कान दाखवावा. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर मळच असेल असे धरून आठवडा घालवू नये. आतल्या नसेशी संबंधित बहिरेपणही असाच अकस्मात येतो, आणि त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच त्यांचा चांगला उपयोग होण्याची शक्यता असते.