महागडी क्वेरी वेळीच कशी अडवावी: वितरित डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

समजा, पुण्यातल्या बस आत्ता कुठे आहेत हे दाखवणारं अ‍ॅप तुम्ही लिहिताय. दीड हजार बस, प्रत्येक बस रोज सोळा तास रस्त्यावर, आणि दर दहा सेकंदांनी ती आपलं ठिकाण कळवते. एका बसच्या दिवसाला ५,७६० नोंदी, सगळ्यांच्या मिळून ८६ लाख ४० हजार. वर्षाचा इतिहास ठेवायचा आहे, एखादं मशीन बसलं तरी अ‍ॅप बसता कामा नये, म्हणून तुम्ही कॅसँड्रासारखा वितरित डेटाबेस निवडता. बारा नोड, म्हणजे बारा मशीन (सगळे मिळून एक क्लस्टर), आणि प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती.

हिंजवडीतल्या ऑफिसात, लॅपटॉपवर, सगळं झकास चालतं. टेस्टच्या टेबलात दोनशे ओळी असतात, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कशीही लिहा, उत्तर लगेच येतं. पुढे अनंत चतुर्दशी उजाडते. लक्ष्मी रस्ता आणि आसपासचे रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चाललेली, आणि जो तो फोन काढून विचारतोय की माझी बस कुठून सुटणार. क्वेरीचा खरा भाव तेव्हा कळतो. म्हणून पुढचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे: डेटाबेसला नकार द्यायचाच असेल, तर तो डेव्हलपरला त्याच्या लॅपटॉपवर मिळावा, प्रवाशाला स्वारगेटवर मिळू नये.

पायरी १: क्वेरी किती नोडना उठवते ते बघा

कॅसँड्रात प्रत्येक टेबलाला पार्टिशन की असते; जिची की सारखी अशा सगळ्या ओळींचा एक गठ्ठा, म्हणजे पार्टिशन. त्या कीच्या मूल्यावरून एक आकडा काढला जातो, त्याला टोकन म्हणतात, आणि ती ओळ कोणत्या तीन नोडवर राहील हे त्या टोकनवरून ठरतं. क्वेरीत पार्टिशन की पूर्ण दिली असेल तर काम त्या तिघांत आटोपतं. बाकीच्या नऊ नोडना पत्ताही लागत नाही. की दिली नाही, तर मात्र सगळा क्लस्टर धुंडाळावा लागतो.

याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा वाईट असतो. प्रत्येक नोड शंभरात एकदा अडखळतो असं धरा. मेमरी साफ करणं चालू असतं, डिस्क गुंतलेली असते, कारणं बरीच. एकाच नोडवर जाणारी क्वेरी शंभरात एकदा रखडेल. बाराही नोडची वाट पाहणारी क्वेरी शंभरात साधारण अकरा वेळा रखडेल. म्हणजे नोड वाढवले की अशी क्वेरी सुधारत नाही, उलट बिघडते. ‘मशीन वाढवू, होईल फास्ट’ हा सल्ला इथे फसतो.

दुय्यम इंडेक्स, म्हणजे पार्टिशन की सोडून दुसऱ्या रकान्यावरून ओळी शोधायची सूची, घातला की हा प्रश्न सुटतो असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. कॅसँड्रातला इंडेक्स प्रत्येक नोड फक्त स्वतःकडच्या ओळींपुरता ठेवतो, त्यामुळे पार्टिशन की नसेल तर इंडेक्स असूनही नोडची फेरी टळत नाही. ५.० मध्ये आलेला नवा इंडेक्सप्रकार जुन्यापेक्षा बराच चांगला आहे, पण तोही नोडपुरताच. पार्टिशन की देऊन वर इंडेक्स वापरलात तर उत्तम.

पायरी २: आधी प्रश्न लिहा, मग टेबल

ओरॅकल किंवा मायएसक्यूएलवर वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. तिथे आधी माहितीची नीट मांडणी करायची, प्रश्न नंतर जॉइन लावून, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडून, विचारायचे. इथे जॉइन नाहीत. कागद घ्या आणि अ‍ॅप कोणते प्रश्न विचारणार ते मराठीत लिहा: ‘अमुक बस काल कुठे कुठे होती?’, ‘अमुक मार्गावरच्या बस आत्ता कुठे आहेत?’, ‘स्वारगेटच्या आसपास आत्ता कोणत्या बस आहेत?’ तीन प्रश्न, तीन टेबलं. एकच माहिती तीनदा लिहिताना हात आखडतो खरा, पण कॅसँड्रात लिहिणं स्वस्त आणि शोधत हिंडणं महाग.

पहिल्या प्रश्नाचं टेबल घेऊ आणि आकडेमोड करू. ती दहा मिनिटांत होते आणि बहुतेक संघ तीच टाळतात. एका नोंदीला साधारण १०० बाइट धरा.

पार्टिशन की फक्त तारीख ठेवली तर? एका दिवसाच्या ८६ लाख ४० हजार नोंदी एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे ८६४ एमबी. पार्टिशन १०० एमबीच्या आत ठेवावं असा सर्वसाधारण संकेत आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या दिवशीचं सगळं लिखाण त्याच तीन नोडवर जाणार आणि उरलेले नऊ दिवसभर बघत बसणार. फक्त बस क्रमांक ठेवला तर? भार सगळीकडे पसरतो, पण पार्टिशन कधी संपतच नाही. वर्षाला २१ लाख नोंदी, म्हणजे २१० एमबी, आणि पुढच्या वर्षी दुप्पट. बस क्रमांक आणि महिना मिळून ठेवला तर महिन्याला १७ एमबीच्या आसपास. हे जमलं. आत नोंदी वेळेनुसार उतरत्या क्रमाने ठेवल्या की ताजी नोंद आधी हाताला लागते.

दुसऱ्या प्रश्नाला इतिहास लागतच नाही. पार्टिशन की मार्ग, आत बस क्रमांक, आणि दर वेळी त्याच ओळीवर नवं ठिकाण लिहायचं. मार्गावर चाळीस बस असतील तर पार्टिशनमध्ये चाळीस ओळी. कात्रज ते निगडी कितीही लांब असो, उत्तर चाळीस ओळींचंच. तिसऱ्या प्रश्नाकडे पाचव्या पायरीत येऊ; त्यात एक खोच आहे.

पायरी ३: चालू क्लस्टरमधल्या क्वेरी पकडा

अ‍ॅप आधीपासून चालू असेल तर काहीही बदलण्याआधी मोजा. ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद कॅसँड्रा मुळातच ठेवतं; ती डीबग लॉगमध्ये जाते, म्हणून कुणाच्या नजरेस पडत नाही. ती मर्यादा काही दिवस १०० वर आणा आणि लॉग वाचा.

एखादी क्वेरी संशयास्पद वाटली तर सीक्यूएल शेलमध्ये (कॅसँड्राला हाताने क्वेरी द्यायची खिडकी) ट्रेसिंग चालू करून ती चालवा. किती नोडना विचारलं, किती ओळी वाचल्या, त्यातल्या किती मेलेल्या होत्या (हे काय ते पाचव्या पायरीत), सगळं पायरीपायरीने दिसतं. टेबलातली पार्टिशनं किती मोठी आहेत हे नोडटूल या कॅसँड्राच्या देखभालीच्या साधनातल्या टेबल हिस्टोग्राम्समधून कळतं. तिथे सरासरीकडे बघू नका, शेवटच्या ओळीतला कमाल आकडा बघा. घोळ तिथेच असतो.

४.० पासून सगळ्या क्वेरी जशाच्या तशा टिपून ठेवणारा फुल क्वेरी लॉगही आहे. गर्दीच्या वेळी तासभर तो चालू ठेवला तर डेव्हलपरांनाही ठाऊक नसलेल्या क्वेरी सापडतात. त्यात प्रवाशांची माहितीही येऊ शकते, तेव्हा ती फाइल कुठेही टाकू नका.

पायरी ४: कुंपण घाला

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.१ आवृत्तीत कॅसँड्राला गार्डरेल्स मिळाली. त्याआधी शिस्त माणसांच्या भरवशावर होती, आणि डिलिव्हरीची तारीख जवळ आली की माणसांचा भरवसा धरता येत नाही. गार्डरेल म्हणजे यॅमल फाइलमधली, म्हणजे कॅसँड्राच्या सेटिंगच्या फाइलमधली, एक मर्यादा. बऱ्याच मर्यादांना दोन टप्पे असतात: पहिला ओलांडला की इशारा, दुसरा ओलांडला की क्वेरी नाकारली जाते. पेठेतल्या वाड्याच्या दारावरची पाटी अशीच असते; वरच्या ओळीत ‘गाडी लावू नये’, खालच्या ओळीत ‘हवा सोडली जाईल’.

मुळात यातली बहुतेक बंद असतात, म्हणजे ४.१ घेतलं म्हणून आपोआप काही अडत नाही. माझ्या मते सुरुवात इथून करावी:

- अलाउ फिल्टरिंग: हे बंदच करा. पार्टिशन की नसलेली क्वेरी कॅसँड्रा आधी नाकारतं आणि ‘अलाउ फिल्टरिंग जोडा’ असं सुचवतं. डेव्हलपर ते जोडतो, क्वेरी चालते, विषय संपतो. हाच तो चोरदरवाजा. एकाच पार्टिशनच्या आत ते वापरणं इतकं वाईट नाही, तरीही सरसकट बंदी बरी. अपवादांची यादी ठेवायला गेलात की यादीच वाढत राहते.
- इन यादीतली (एकाच क्वेरीत मागितलेली अनेक) पार्टिशनं: एका क्वेरीत पाचशे बस क्रमांक दिले तर मधला एकच नोड पाचशे ठिकाणांहून उत्तरं गोळा करत बसतो. वीसला इशारा, पन्नासला नकार ठेवा. पाचशे हवेच असतील तर अ‍ॅपने वेगवेगळ्या क्वेरी समांतर पाठवाव्यात. त्या वेगवेगळ्या नोडवर वाटल्या जातात.
- पेज साइज (एका खेपेत किती ओळी आणायच्या) आणि टेबलामागे इंडेक्स: दोन्हींना मर्यादा आहेत, दोन्ही लावा.

आता खरा मुद्दा. आकडे टेस्टमध्ये प्रॉडक्शनपेक्षा, म्हणजे प्रवासी वापरतात त्या खऱ्या क्लस्टरपेक्षा, कडक ठेवा. बहुतेक ठिकाणी उलटं असतं: टेस्टमध्ये सगळं मोकळं, प्रॉडक्शनमध्ये बंधनं. मग चूक शेवटच्या दिवशी कळते. टेस्टमध्ये इन यादी दहालाच नाकारली गेली तर डेव्हलपर कुरकुरेल, पण त्याच दुपारी क्वेरी बदलेल. प्रॉडक्शनमध्ये मात्र आधी फक्त इशारे लावा, दोन आठवडे लॉग बघा, आणि मग नकाराचे आकडे चढवा. चालू क्लस्टरवर हे आकडे नोड पुन्हा सुरू न करताही बदलता येतात. यॅमलमध्येही लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला ते गायब.

दोन भोकं लक्षात ठेवा. गार्डरेल्स सुपरयूजरला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, लागू होत नाहीत. अ‍ॅप ‘कॅसँड्रा’ या मूळ खात्यानेच लॉगिन करत असेल तर वरचं सगळं व्यर्थ. अ‍ॅपला स्वतःचं साधं खातं द्या. आणि दुसरं: ‘व्हेअर’ (म्हणजे अट) नसलेली, माहिती वाचणारी सरळ सिलेक्ट क्वेरी किंवा ओळी मोजणारी काउंट, यांना अलाउ फिल्टरिंग लागतच नाही, म्हणून त्या या कुंपणाखालून सरपटत जातात. ‘एकूण नोंदी किती’ असा निरागस आकडा डॅशबोर्डवर हवा असतो, आणि त्यासाठी पूर्ण टेबल वाचलं जातं. अशा क्वेरी कोड रिव्ह्यूतच पकडाव्या लागतात. रिपॉझिटरीत व्हेअर नसलेली सिलेक्ट शोधणारी छोटी स्क्रिप्ट बिल्डला जोडून ठेवा.

पायरी ५: मेलेल्या ओळींचा हिशेब

‘स्वारगेटच्या आसपास आत्ता कोणत्या बस आहेत?’ शहराचे चौकोन पाडले, चौकोन ही पार्टिशन की केली, आत वेळ आणि बस, आणि प्रत्येक नोंदीला एक मिनिटाचं आयुष्य दिलं. नोंद आपोआप मरते, म्हणजे टेबल लहान राहणार, असं वाटतं.

पण वितरित डेटाबेसमध्ये मेलेली ओळ लगेच जात नाही. तिच्या जागी थडग्यासारखी खूण राहते, टूमस्टोन, कारण त्या वेळी बंद असलेला नोड परत आला तर त्याने जुनी ओळ पुन्हा जिवंत करू नये. या खुणा मुळातल्या सेटिंगनुसार १० दिवस राहतात. स्वारगेटच्या चौकोनात कायम वीस बस धरल्या तरी दिवसाला १,१५,२०० नोंदी मरणार. एका क्वेरीने १,००० खुणा वाचल्या की कॅसँड्रा इशारा देतं आणि १,००,००० ओलांडल्या की क्वेरी तोडतं. हे टेबल पहिल्याच दिवशी तुटेल. उत्तरात वीसच ओळी असूनही!

उपाय आकडा वाढवण्यात नाही. वेळेचा तुकडा पार्टिशन कीमध्ये घ्या: चौकोन आणि पाच मिनिटांचा कप्पा. आता कप्प्यात वीस बसच्या सहाशेच नोंदी, आणि अ‍ॅप चालू कप्पा वाचतं, कप्पा नुकताच उघडला असेल तर आधीचाही. जुन्या खुणा जुन्या कप्प्यांत पडून राहतात, तिकडे कुणी फिरकत नाही. अशा टेबलाला वेळेच्या खिडकीनुसार कॉम्पॅक्शन (डिस्कवरच्या फाइली एकत्र करून आवरण्याची पद्धत) लावलं की संपलेल्या फाइली अख्ख्याच्या अख्ख्या उडवता येतात.

कॅसँड्रा टेबलाचा रांगेसारखा वापर करणं, म्हणजे काम टाकायचं, उचलायचं, पुसायचं, हेही याच कारणाने टाळावं.

पायरी ६: ड्रायव्हर आणि रिपोर्ट

डेटाबेसशी बोलायला अ‍ॅप ड्रायव्हर नावाची लायब्ररी वापरतं. जावा ड्रायव्हर ४ मुळातल्या सेटिंगवर २ सेकंदांत हात झटकतो. सर्व्हरची वाचनाची मुदत मात्र ५ सेकंद असते. मधल्या काळात अ‍ॅपने तीच क्वेरी पुन्हा पाठवली, तर एकाच महागड्या क्वेरीच्या दोन-तीन प्रती एकदम चालू असतात. पुन्हा पाठवण्याची संख्या एकवर आणा, आणि मध्ये थोडी वाट बघा.

महिनाअखेरचे रिपोर्ट अ‍ॅपच्या क्लस्टरवर चालवू नका. कॅसँड्रात त्यासाठी वेगळं डेटा सेंटर नावाचा गट करता येतो. प्रती तिथेही जातात, पण रिपोर्टचा भार तिथेच राहतो. छोट्या संघाला हे जड वाटेल. मग रात्री माहिती फाइलमध्ये काढून पोस्टग्रेससारख्या साध्या डेटाबेसात टाका; वितरित नसलेला डेटाबेस वापरण्यात काही कमीपणा नाही.

कॅसँड्रा नसेल तर

मोंगोडीबी या दुसऱ्या वितरित डेटाबेसात माहितीच्या तुकड्यांना शार्ड म्हणतात. शार्ड की नसलेली क्वेरी सगळ्या शार्डांकडे जाते, गणित तेच. इंडेक्सविना होणारं पूर्ण वाचन नाकारणारं एक सेटिंग तिथे आहे, पण ते प्रॉडक्शनवर लावू नका असं त्यांचेच दस्तऐवज सांगतात, कारण प्रशासनाच्या क्वेरीही अडतात. टेस्टमध्ये जरूर लावा, आणि प्रॉडक्शनमध्ये प्रत्येक क्वेरीला कमाल वेळेची मर्यादा द्या. कॉक्रोचडीबी या आणखी एका वितरित डेटाबेसात पूर्ण टेबल वाचणाऱ्या क्वेरी सेशनपुरत्या (एका जोडणीपुरत्या) नाकारता येतात आणि लहान टेबलांना ओळींच्या संख्येवरून सूट देता येते. अ‍ॅपच्या खात्याला ते लावून ठेवा, अ‍ॅडमिनच्या खात्याला नको.