टाचेचं हाड वाढलंय, पण दुखतंय दुसरंच

सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत अशी कळ यायची, की भिंत धरावी लागे. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं आणि घरात ऑपरेशनची चर्चा सुरू झाली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं: असं हाड अनेकांना असतं, दुखत मात्र नाही. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंतचा पट्टा, प्लांटार फॅशिया.

मग उठण्याआधी, अंथरुणातच पाय मांडीवर घ्यायचा, बोटं नडगीकडे ओढून १० पर्यंत मोजायचं, असं १० वेळा. तळव्यात तो पट्टा दोरीसारखा ताठ लागतो. तो अंगठ्याने चोळायचा. भिंतीला हात टेकून पोटऱ्याही ताणायच्या. फरशीवर अनवाणी फिरणं बंद, घरातही मऊ चप्पल. कळ काही महिने रेंगाळली, पण गेली. पाय बधिर होत असेल किंवा सुजला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.