१९ डिसेंबरला जन्मलेल्या तीन लाइनमनचा खेळ कसा पाहावा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूमागे नजर आपोआप जाते; शिकावे लागते ते लाइनमनकडे पाहणे. दोन्ही संघांच्या पहिल्या फळीत, जमिनीवर हात टेकवून समोरासमोर वाकलेले हे धिप्पाड खेळाडू चेंडू मागे दिला जाताच एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्या झुंजीचा निकाल बहुधा दोन-तीन सेकंदांत लागतो. नवख्या प्रेक्षकाने शेकडो नावांत न हरवता एकाच तारखेचे तिघे निवडावेत: रेजी व्हाइट (१९६१), रॅन्डल मॅक्डॅनियल (१९६४) आणि वॉरन सॅप (१९७२). तिघांचाही जन्म १९ डिसेंबरचा आणि तिघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या गौरवदालनात, आहेत. ही तारीख मराठी वाचकाच्या सहज लक्षात राहील, कारण टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथे व्हाइट जन्मला तो १९ डिसेंबर १९६१ हा गोवामुक्तीचाच दिवस होता.

निवडीला तारखेपलीकडचेही कारण आहे. १९९५ ते १९९८ या चार हंगामांत व्हाइट ग्रीन बे पॅकर्सकडून, मॅक्डॅनियल मिनेसोटा व्हायकिंग्जकडून आणि सॅप टँपा बे बकनिअर्सकडून खेळत होते. हे तिन्ही संघ एकाच गटात असल्यामुळे त्यांची दर हंगामात दोनदा गाठ पडे. म्हणून याच काळातील सामने शोधावेत. मात्र निवडक क्षणांच्या चित्रफिती टाळाव्यात, कारण त्या चेंडूच्या मागे धावतात आणि आपल्याला हवा असलेला माणूस पहिल्या सेकंदालाच चौकटीबाहेर जातो. पूर्ण सामना घ्यावा, आवाज बंद करावा आणि गोलरेषेमागून टिपलेले पुनर्दर्शन आले की वेग निम्मा करावा.

सुरुवात व्हाइटपासून करावी, कारण त्याचे यश अडाण्यालाही दिसते. जर्सी ९२, जागा बचावफळीच्या टोकाला, काम क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) चेंडू फेकण्याआधी पाडणे, म्हणजेच सॅक. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १९८ सॅक होते आणि तो त्या वेळचा उच्चांक होता. त्याचा गाजलेला डाव असा: तो बाहेरच्या बाजूने मुसंडी मारतो, समोरचा टॅकल, म्हणजे आक्रमणफळीच्या टोकाचा लाइनमन, त्याला अडवण्यासाठी बाहेर सरकतो आणि त्याचा तोल त्या बाजूला गेला, की व्हाइट त्याच्या काखेखाली हाताचा जबर तडाखा देऊन त्याला अक्षरशः बाजूला उडवतो व आतल्या वाटेने घुसतो. येथे व्हाइटच्या हाताआधी टॅकलचे पाय पाहावेत. ते बाहेर सरकले की पुढचे कळलेच म्हणून समजा. २६ जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, पॅकर्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ३५–२१ असे हरवले, तेव्हा व्हाइटने तीन सॅक मिळवले; तो सामना अभ्यासाला उत्तम.

सॅपची, म्हणजे जर्सी ९९ ची, जागा अधिक आत, समोरच्या गार्डच्या (आक्रमणफळीत टॅकलच्या आतल्या बाजूला उभ्या लाइनमनच्या) बाहेरील खांद्यासमोर असे. तेथून गार्ड आणि टॅकल यांच्यामधल्या फटीत घुसायचे असल्यामुळे पहिले पाऊल हेच सर्वस्व ठरते. चित्रण थांबवत थांबवत पुढे न्यावे आणि गार्ड सावरण्याआधी सॅपचा पाय जमिनीवर पडला का, एवढेच पाहावे.

मॅक्डॅनियल शेवटी ठेवावा, कारण तो सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत आनंद देणारा आहे. तो आक्रमणफळीतील डावा गार्ड, जर्सी ६४. सलग बारा वेळा त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली, तरी त्याच्या खात्यावर मोजता येईल असे काही नाही. गार्डने काम चोख केले, तर काहीच घडत नाही. त्याला ओळखणे मात्र सोपे आहे: एक पाय वेडावाकडा बाहेर फाकवून उभा राहण्याची त्याची ढब दुसऱ्या कोणाची नव्हती. चेंडू सुटल्यावर त्याचे तळवे कोठे पडतात ते पाहावे. प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत पडले तर ठीक. बाहेरून जर्सी धरून त्याला रोखले तर दहा यार्डांचा दंड बसू शकतो. धावण्याच्या डावात तो कधी कधी आपली जागा सोडून फळीच्या मागून आडवा धावतो व पुढची वाट मोकळी करतो. तेव्हा चेंडूवाल्याला विसरून त्याच्याच मागे नजर न्यावी.

एवढा सराव झाल्यावर व्हायकिंग्ज आणि बकनिअर्स यांचा सामना लावावा, कागदावर ६४ आणि ९९ असे दोन रकाने आखावेत आणि ते समोरासमोर येतील त्या प्रत्येक डावात ज्याने जागा जिंकली त्याच्याखाली रेघ मारावी. १९९९ च्या हंगामापर्यंतच हे जमेल. २००० मध्ये मॅक्डॅनियल टँपा बेमध्येच आला आणि त्याच वर्षी सॅपने साडेसोळा सॅक मिळवले. त्या हंगामात मात्र हे दोघे सहसा एकाच वेळी मैदानावर दिसत नाहीत, कारण एकाची फळी आत आली की दुसऱ्याची बाकावर जाऊन बसते.